आण्णांचा डिलाईल रोड आणि आईचा डिलाईल रोड

पहिला दिवस

आण्णांना मुंबईला न्यायचं निघालं ते कागदापायी. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांनी फॉर्म भरून ठेवलाय त्याला बरीच वर्षं झाली, जवळजवळ पावणेदोन लाख लोकांनी भरलाय त्यातले ते एक. २०१२ ला पहिली मोठी लॉटरी निघाली तेव्हा घरं होती ६,९२५ आणि २०२० ला निघाली तेव्हा ३,८९४, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. तर एक दिवस फोनवर मेसेज आला की ओरिजनल कागद दाखवायला या. मी पुण्यात, आईआण्णा गावी पाटण तालुक्यात. म्हटलं मी दोन दिवस सुट्टी टाकते, शनिवार रविवार जोडून येईल, आण्णांना घेऊन जाते.

तर आई म्हणाली मी पण येणार.

"तुझं काय काम हाय तिथं?" आण्णा मागून ओरडले (आण्णा ओरडूनच बोलतात, त्याचं कारण पुढं येईल).

"हाय एक काम. राहिलंय." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

मग काय, एप्रिलातल्या भर उन्हात आम्ही तिघं स्वारगेटवरून शिवनेरीत बसलो. आण्णा खिडकीत. त्यांचं वय ७६, आईचं ७२, आणि १९८३ च्या मे महिन्यात आम्ही मुंबई सोडली त्यानंतर आई एकदाही आली नव्हती. आण्णा कामगारांच्या मोर्च्याबिर्च्याला दोनतीनदा येऊन गेले पण सकाळी येऊन रात्रीच्या गाडीनं परत, त्यामुळं त्यांनीही नीट काही पाहिलं नव्हतं. मी तर सोडली तेव्हा दहा वर्षांची होते. माझ्या आठवणी म्हणजे डबा, जिना, भोंगा आणि नळावरची भांडणं.

दादरला उतरून टॅक्सी केली लालबागला जायला. मावशी तिथं राहते. टॅक्सीवाल्यानं विचारलं फ्लायओव्हरवरून नेऊ का खालून, आण्णा म्हणाले खालून. वरून गेलो असतो तर पाच मिनिटात पोचलो असतो. खालून गेलो तर अर्धा तास लागला, पण हिंदमाता, परळ, भारतमाता असं एकेक नाव आण्णा मोठ्यानं वाचत होते, शाळेतल्या मुलासारखे. आई गप्प. फक्त भारतमाता टॉकीज आल्यावर म्हणाली, "हे हाय अजून?" आहे. इंडिया युनायटेड मिलच्या आवारात, मराठी पिक्चर लावणारं थिएटर, मिल गेली आणि थिएटर राहिलं असा उलटा प्रकार.

मावशीची चाळ लाकडी जिन्याची, तिसरा मजला, रिडेव्हलपमेंटचा बोर्ड खाली लागलेला आणि त्यावरची तारीख कधीच उलटून गेलेली. एप्रिल म्हणजे मसाल्याचा सीझन, मिरची गल्लीतून डंकाचा आवाज आणि तिखटाचा खाट सरळ वर येतो. आम्ही पहिल्या मजल्यावर असतानाच तिघंही शिंकायला लागलो. मावशी वरून ओरडली, "या या, शिंका ऐकूनच कळलं पाहुणे आले."

रात्री जेवल्यावर काकांनी आणि आण्णांनी जो वाद सुरू केला तो बारा वाजेपर्यंत. काका कोकणातले, देवगडकडचे, मावशी घाटावरची, त्या काळात हे लग्न म्हणजे दोन्हीकडून बोंबाबोंब झालेली. काका त्राशनात होते म्हणजे सूतकताईच्या खात्यात, आण्णा साचेखात्यात म्हणजे विणायच्या. काका म्हणणार आम्ही सूत काढलं नसतं तर तुम्ही काय विणलं असतं, आण्णा म्हणणार तुमचं सूत इतकं कच्चं की आमचा निम्मा जन्म तारा जोडण्यात गेला. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या, त्याही दोन वेगळ्या मिलमधल्या सुताच्या क्वालिटीवरून दोन म्हातारी माणसं भांडत होती आणि मावशीनं मला डोळ्यानं खूण केली, झोप तू, हे काही संपत नसतं.

दुसरा दिवस

सकाळी आधी ऑफिस. त्याबद्दल फार लिहीत नाही. तीन तास रांग, मग एका मुलानं कागद पाहिले आणि म्हणाला तिकीट नंबर आहे, सर्व्हिस सर्टिफिकेट आहे, पण आधार कार्डावरचं नाव आणि मिलच्या पासावरचं नाव यात एका अक्षराचा फरक आहे, अॅफिडेव्हिट करून आणा. मिलच्या कारकुनानं १९६८ साली आडनावाची वेलांटी चुकवली, आता २०० मैलांवरून येऊन आण्णांनी ती दुरुस्त करायची. मी चिडले. आण्णा अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "बदली कामगार म्हणून चार वर्सं रोज सकाळी गेटवर हुबा ऱ्हायलोय मी, काम मिळंल का न्हाय म्हाईत नसताना. ही रांग काय रांग हाय व्हय?"

मग दुपारी भारतमातापासून चालत निघालो, करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोडला. रस्त्याचं आताचं नाव ना. म. जोशी मार्ग, आता म्हणजे कधीचंच, पण आमच्याकडं कुणी ते घेत नाही. ज्यांच्या नावानं आहे त्या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा चालवल्या, १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभी करण्यात ते होते. आण्णांना हे सगळं पाठ आहे कारण लीगच्या रात्रशाळेत ते दोन वर्षं जात होते. आणि तरी म्हणणार डिलाईल रोडच.

एक सांगते, त्या रस्त्यावर चालताना मला आधी काही ओळखूच आलं नाही. डोक्याच्या वर काचेच्या बिल्डिंगा, खाली गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरंपोरी, स्टेशनकडून लोंढाच्या लोंढा येतोय, सगळे कानात काहीतरी घालून. मला वाटलं आण्णा बावचळतील. तर त्यांची चाल बदलली. गावी काठी घेऊन चालतात, इथं काठी काखेत मारली आणि सरळ फूटपाथच्या कडेनं, लोंढ्याच्या उलट दिशेनं, कुणाला धक्का न लागता. म्हणाले, "पाळी सुटायची तवा ह्याच्या दुप्पट गर्दी. सात ते साडेतीन पहिली, साडेतीन ते बारा दुसरी, बारा ते सात तिसरी. साडेतीनला निम्मी माणसं आत आन् निम्मी भायेर. ह्या पोरांची पाळी कवा सुटती?"

म्हटलं आण्णा यांची सुटतच नाही.

आई मागं रेंगाळत होती. ती दुकानं बघत होती, एकेक पाटी. आण्णा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, आई अलीकडं, मध्ये बस, टेम्पो, हॉर्न. आणि मग मी ते पाहिलं जे लहानपणी रोज पाहिलं होतं आणि विसरले होते. आण्णांनी पलीकडून उजव्या हाताची दोन बोटं ओठाला लावली. आईनं मान हलवली, नको. चहा घ्यायचा का, नको, एवढं बोलणं झालं.

साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोटा म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा इकडून तिकडं ठाण ठाण आपटायचा, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून सगळे खुणेनं बोलायचे. चहा म्हणजे दोन बोटं ओठाला. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, येतोय तर मिशीवरून बोट. तार तुटली म्हणजे मनगटावर आडवा हात. साचा बंद कर म्हणजे मूठ आवळून खाली ओढायची. पंधरा वर्षं त्या आवाजात काढली, कान गेले ते गेलेच, म्हणून आण्णा ओरडून बोलतात, आणि म्हणून आईला ह्या सगळ्या खुणा येतात. आमच्या घरात भांडणंसुद्धा मुक्यानं व्हायची, मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

आण्णांच्या मिलचं नाव इथं लिहीत नाही, त्यांचे थोडे पैसे अजून येणं आहे आणि ते येतील असं त्यांना अजून वाटतं. गेट आहे. म्हणजे गेटचे दोन दगडी खांब आहेत आणि आत ऑफिसं, हॉटेलं, कॉफीची दुकानं. वॉचमन म्हणाला कुणाकडं जायचंय. आण्णा म्हणाले साचेखात्यात. तो बिचारा रजिस्टर घेऊन कंपनीचं नाव शोधायला लागला.

आत एका कॉफीच्या दुकानात बसलो, कारण एसी होता आणि आईला ऊन लागलं होतं. तीन कॉफ्यांचे साडेनऊशे रुपये. भिंतीवर जुन्या मिलचे फोटो, लोखंडी खांब मुद्दाम रंग न देता ठेवलेले, आणि टेबलावर काचेच्या बरणीत शोभेला लाकडी बॉबिन. आण्णांनी झाकण काढून एक हातात घेतली. अंगठ्यानं खालची पितळी कडी चाचपली, नाकाशी नेऊन वास घेतला, मग माझ्यासमोर धरली. "ही त्राशनातली. रिंगवरची. इथं साचेखातं होतं, इथं हिचं काय काम? इथं कांड्या पायजेत, धोट्यात बसायच्या, निमुळत्या." मग काउंटरवरच्या पोराला हाक मारून त्यालाही हेच सांगितलं, ओरडून. सगळं दुकान बघायला लागलं. पोरगा चांगला होता, म्हणाला सर मी मॅनेजरला सांगतो. सर! आण्णांना कुणी पहिल्यांदाच सर म्हणालं असेल त्या आवारात.

मग मात्र ते बोलायलाच लागले. खिडक्या कशा बंद ठेवायचे, कारण हवा कोरडी झाली की तार तुटते, सुताला ओल लागते, म्हणून वरून पाण्याचा बारीक फवारा सोडलेला. मुंबईत मिला आल्या त्याला जसं बंदर आणि रेल्वे कारण, तशी ही दमट हवा पण एक कारण, पण त्या हवेवरसुद्धा भागायचं नाही म्हणून आणखी पाणी. बाहेर एप्रिल, आत त्याहून वाईट, बनियनवर काम. सुरुवातीला दोन साचे एका माणसाकडं, मग चार. सुट्टी रविवारी, आणि ती रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंड्यांनी भांडून मिळवलेली, १० जून १८९०, हे पण आण्णांना तारखेसकट पाठ. मी मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतलं तर ते गप्प झाले. बंद केला तर परत सुरू.

आईनं सगळी कॉफी तशीच ठेवली. कडू म्हणाली. आणि उठताना मला म्हणाली, "ह्यांची मिल दिसली. माझं दुकान दिसंना."

तिसरा दिवस

आज आईचा दिवस.

आमची खोली बीडीडीत होती. डिलाईल रोडच्या ३२ चाळी, तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या म्हणून बीडीडी. भिंती अशा की खिळा ठोकायला गेलात तर खिळाच वाकायचा. लोक म्हणायचे जेलसाठी बांधलेल्या, खरंखोटं देव जाणे, पण आई म्हणते उन्हाळ्यात तसंच वाटायचं. आता त्यातल्या काही पाडल्यात आणि तिथं टॉवर चढतायत, प्रत्येकाला ५०० फुटांचं घर. आमची चाळ पत्र्याच्या कुंपणामागं गेली. पत्र्याला एक फट होती, आईनं त्यातून पाहिलं, खड्डा, सळ्या आणि पिवळ्या टोप्या घातलेली माणसं. "नळ हितं होता," ती म्हणाली, खड्ड्यातल्या एका जागी बोट दाखवून. मला तरी तिथं नुसता चिखल दिसला.

खोली आमच्या नावावर नव्हतीच, गावातल्या एका मोठ्या माणसाच्या नावावर होती, आम्ही तिथं राहायचो आणि त्याबदल्यात आई गावच्या माणसांची खानावळ चालवायची. हे लोकांना आता सांगावं लागतं म्हणून सांगते. मिलमध्ये काम करणारे बहुतेक एकटे, बायकापोरं गावी. एकेका गावाचा गाळा असायचा, त्यात वीसवीस पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. आणि जेवायला चाळीतल्या कुठल्यातरी बाईकडं. आईकडं ११ जण होते. प्रत्येकाच्या दोन्ही वेळच्या तीनतीन भाकऱ्या, म्हणजे दिवसाला ६६, शिवाय आम्ही. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. जेवणारे तीन पाळ्यांचे, त्यामुळं आईला पाळीच नाही, ती तिन्ही पाळ्यांत. मिलमध्ये नाव नसलेली पण मिल चालवणारी अशी हजारो बायामाणसं होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा खानावळवाल्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली, तोपर्यंत सगळा धंदा वाण्याच्या उधारीवर. आईला कर्जाचं कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि कळलं असतं तरी आण्णांनी सही करू दिली नसती, हे ती स्वतःच म्हणाली आणि आण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं. खरंच ऐकू आलं नसेल, सांगता येत नाही.

उधारीचं चक्र असं. मिलचा पगार दहा तारखेला. दहाला माणसं आईला महिन्याचे पैसे देणार, आई अकराला वाण्याला देणार, वाणी पुढं त्याच्या व्यापाऱ्याला. म्हणजे अख्खा रस्ता दहा तारखेवर चालायचा. वाणी, पानवाला, न्हावी, लॉन्ड्रीवाला, सायकलवाला, पिठाची गिरणी, सगळे. मी लहान असताना दहा तारखेला आईचा आवाज वेगळा असायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा. बोनसवरून पेटला आणि मग युनियनच्या मान्यतेवर गेला, अडीच लाख माणसं बाहेर. आण्णा म्हणतात सुरुवातीला वाटलं पंधरा दिवस, फार तर महिना. आई म्हणते मला पहिल्या दहा तारखेलाच कळलं. फेब्रुवारीच्या दहाला अकरा माणसं जेवून गेली आणि कुणी काही बोललं नाही, सगळे मान खाली घालून जेवले, एकानं तर ताटसुद्धा स्वतः घासून ठेवलं. आईनं दुसऱ्या दिवशी वाण्याला सांगितलं पुढच्या महिन्यात देते. तो म्हणाला द्या भाभी, घाई नाही.

पुढच्या महिन्यात अकराचे सात झाले, चौघं गावी गेले. मग पाच. मेमध्ये दोन. गावी गेलेले सांगून गेले, वैनी संप मिटला की पहिला पगार तुमचा. संप मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही, तो आजपर्यंत अधिकृतपणे मागं घेतलेला नाही. त्यामुळं तो पहिला पगारही अजून यायचाच आहे.

वाण्यानं दिवाळीपर्यंत माल दिला. ज्वारी, तेल, चहा, साखर. मी जायची वही घेऊन, तो माझ्यासमोर लिहायचा आणि कागदाच्या पुडीत चार फुटाणे द्यायचा, ते मात्र वहीत नाहीत. दिवाळीनंतर म्हणाला, भाभी आता माझाच माल वरून बंद झालाय. रागानं नाही, सांगितलं फक्त. आईला वाचता येत नाही, तिनं मला विचारलं वहीत किती झालेत, मी वाचून दाखवलं. ४१२ रुपये.

मे ८३ मध्ये आम्ही निघालो तेव्हा ट्रंक डोक्यावर घेऊन सकाळी सहाला दुकानासमोरूनच गेलो, शटर बंद होतं, आईनं पदर पुढं ओढून घेतला होता. आणि ते ४१२ तिच्या डोक्यात राहिले. आता मी तिला म्हटलं पण, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी एका मिनिटात पाठवले असते. तर म्हणाली, "कुणाला पाठवणार? नाव म्हाईत हाय का? शेठ. आमी शेठच म्हनायचो."

तर हे तिचं काम. सकाळभर शोधलं. तिच्या हिशोबानं बीडीडीच्या तोंडापासून सातवं दुकान, बाजूला न्हावी आणि समोर पिंपळ. पिंपळ सापडला, न्हाव्याच्या जागी मोबाइल रिपेअर, आणि सातवं म्हणजे सहावं निघालं कारण दोन दुकानांचं एक केलंय. किराणाच आहे पण शटर खाली. शेजारच्यानं सांगितलं ते उद्या येतील, आज घरचं लग्न.

आण्णा म्हणाले चला, झालं, देवाची इच्छा. आई म्हणाली उद्या येऊ.

"अगं सगळ्यांचीच ऱ्हायली, कुणी फेडली? मिलनं माजं दिलं का?"

"मिलचं मिलपाशी. शेठचं माज्यापाशी."

येताना लालबागला मिरची गल्लीतून मावशीनं मसाल्याची मिरची घ्यायला लावली, बेडगी, पांडी, काश्मिरी, वजनानं नाही तर रंगानं आणि वासानं बघून, एकेक मिरची मोडून बिया हलवून. भाजून घ्यायला बाजूला, कुटायला डंकावर, बाया स्टुलावर बसून नंबर लावतात आणि आपला मसाला दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून डोळ्यात पाणी घेऊन तिथंच बसून राहतात. दोन तास तिथं गेले. त्या गल्लीत चाळीस वर्षांत काहीही बदललेलं नाही असं आई म्हणाली, आणि मग लगेच म्हणाली, फक्त पूर्वी नवऱ्याच्या पगारावर घ्यायचे, आता पोरांच्या.

चौथा दिवस

दुपारची गाडी होती परतीची. सकाळी बॅगा मावशीकडं ठेवून परत डिलाईल रोड. लोअर परळच्या पुलापर्यंत गेलो एकदा, तो पूल २०१८ ला बंद केलेला आणि पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, आण्णांना तो नवा पूल बघायचा होता. पुलावरून रेल्वेचं वर्कशॉप दिसतं, ते चालू आहे, आणि लांब फिनिक्स मिलची चिमणी, ती ठेवलीय, खाली मॉल. आण्णा म्हणाले, "धूर न्हाय तर चिमणी कशाला ठेवायची?" मी म्हटलं आठवण म्हणून. ते काही बोलले नाहीत, बहुतेक ऐकू आलं नाही.

दुकान उघडं होतं.

आत एसी, बारकोडचं मशीन, दारात डिलिव्हरीवाल्या पोरांच्या पिशव्या. गल्ल्यावर तिशीतला मुलगा. मागं भिंतीवर हार घातलेला फोटो. आई दारातच थांबली आणि फोटोकडं बघत राहिली, मग मला हळूच म्हणाली, हेच. फोटोतले शेठ आठवणीपेक्षा बरेच म्हातारे होते.

आईनं कमरेची कापडी पिशवी काढली, आतून घडी केलेल्या नोटा काढल्या, चार शंभराच्या, एक दहाची आणि वर दोन रुपयाचं नाणं. आणि सांगितलं. बीडीडीत खानावळ होती माझी, ८२ च्या संपात तुमच्या आज्यानं माल दिला, ४१२ राहिले. मुलगा आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला आजी, दादाजींच्या सगळ्या वह्या दुकान रिपेअर केलं तेव्हा रद्दीत गेल्या, आमच्याकडं काही रेकॉर्ड नाही. आई म्हणाली माझ्याकडं आहे. मग तो खरंच अडचणीत पडला. म्हणाला, "पण आजी मी बिल कशाचं बनवू? सिस्टममध्ये आयटम टाकल्याशिवाय पैसे घेताच येत नाहीत." आणि तो काही टाळत नव्हता, तो मनापासून त्या स्क्रीनकडं बघत होता, आपल्याला काहीतरी सापडेल म्हणून.

मी म्हटलं मागच्या ४० वर्षांचं व्याज धरलं तर काय होईल वगैरे, असला शहाणपणा केला. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प. ती सरळ गल्ल्याच्या मागं गेली, नोटा फोटोखालच्या फळीवर उदबत्तीच्या घराशेजारी ठेवल्या, वर नाणं ठेवलं उडू नये म्हणून, आणि नमस्कार केला.

मुलाला काय करावं कळेना. त्यानं घाईघाईनं पाच किलो साखरेची पिशवी उचलली आणि आईच्या पुढं ठेवली, आजी हे घेऊन जा, दादाजींच्या नावानं. आई म्हणाली, "बिल कर. परत उधारी नको." नाही नाही म्हणत शेवटी त्यानं बिल केलं, मशीननं टूं केलं, आईला ते आवडलं बहुतेक, कारण ती इकडंतिकडं बघायला लागली. फुटाणे होते बरणीत. ते पण घेतले पाव किलो. मग उदबत्ती.

आण्णा आत आलेच नव्हते. पलीकडच्या फूटपाथवर पिंपळाच्या पारावर बसून होते, काठी काखेत. गाडीची वेळ होत आली होती, आमच्या गावाकडं जिकडं बघावं तिकडं ऊस आणि ही बाई मुंबईहून साखर नेतेय हे त्यांनी तिथूनच पाहिलं असणार. मध्ये बस आली, गेली. आण्णा उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून मूठ आवळली आणि खाली ओढली. साचा बंद कर.

आईनं पाहिलं. मी तिला बघताना पाहिलं. मग तिनं पाठ फिरवली आणि त्या मुलाला विचारलं, "आन् पोहे कसे दिले?"